आईचं रात्रीचं ताट

ज्या कुणाच्या हातात आत्ताच तो रिपोर्ट पडलाय आणि जो मोबाइलवर शोधत शोधत इथवर आलाय, त्याच्यासाठी लिहितोय. औषधांची नावं, डोस वगैरे मला विचारू नका, ते तुमचा डॉक्टर सांगेल. मला टीबी झाला, मी बरा झालो. माझ्या आईला टीबी झाला, ती गेली. घर एक, जंतू एक, गोळ्याही त्याच. मी त्रेचाळीसचा आणि ती शहात्तरची, एवढाच काय तो फरक. त्या फरकाबद्दल मला जे फार उशिरा कळलं, ते तुम्हाला वेळेवर कळावं एवढीच इच्छा आहे.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मध्येच कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

हीटरचा खोकला

बाबा गेल्यावर मी आईला अकोल्याहून इकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घेऊन आलो. ती प्राथमिक शाळेत बाई होती. इथे आल्यावर तिला शाळा नाही, शेजार नाही, भाषा नाही. तरी तिनं स्वतःचं बस्तान बसवलं. खालच्या मजल्यावरच्या खोलीतल्या कपाटात टॉवेल ठेवायचे दोन कप्पे रिकामे करून देवघर केलं आणि बाळकृष्णाला तिथे बसवलं. माझी बायको मृणाल म्हणाली, "आई, कपाटात देव कसा काय?" आई म्हणाली, "दार लावलं की त्याला थंडी वाजत नाही न."

त्या हिवाळ्यात आई खोकायला लागली. बाहेर बर्फ, आत चोवीस तास हीटर. "ह्या तुमच्या कोरड्या हवेनं घसा धरलाय," असं तिचं निदान. मृणालनं काढा दिला, ज्येष्ठमध दिलं, मी हवा दमट करायचं मशीन आणलं. खोकला काही जाईना. तिचे ब्लाउज सैल झाले, मृणालनं ते आत घेऊन दिले. संध्याकाळी अंग कसकसायचं, ती शाल ओढून बसायची. आम्ही सगळे काय म्हणायचो? ह्या वयात अंग उतरतंच. ह्या वयात दम लागायचाच. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनीही तिचं वय बघून मान डोलावली आणि ॲलर्जीचं औषध लिहून दिलं.

मग मी खोकायला लागलो. एक दिवस सकाळी शिकागोच्या ट्रेनची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभा होतो, उबळ आली, टिश्यू तोंडाला लावला आणि बघितलं तर लाल. तिथूनच गाडी काढली ती थेट हॉस्पिटल. एक्स-रे, सीटी, थुंकी, सगळं धडाधड झालं. मला कुणी म्हणालं नाही की ह्या वयात रक्त पडतंच. आज त्याचा विचार केला की डोकं फिरतं.

मास्क लावलेला डॉक्टर आत आला, स्टूल ओढून बसला आणि त्यानं टीबी हा शब्द उच्चारला. मी म्हटलं, शक्य नाही, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे बघा माझी अक्कल! तो हसला नाही. त्यानं विचारलं, घरी अजून कुणी खोकतंय का?

"आई खोकते," मी म्हणालो, "पण ती म्हातारी आहे."

त्याचं लिहिणं थांबलं.

सुमनमावशी

आईचा रिपोर्ट माझ्या रिपोर्टपेक्षा वाईट होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, लहानपणी घरात कुणाला हा आजार होता का? मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "होता न. माझी मोठी बहीण, सुमन. तिला मीच भरवायची."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे नाव ऐकलं. सुमनमावशी सतराव्या वर्षी गेली होती आणि घरात पुन्हा तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. डॉक्टरांनी समजावलं की तेव्हाच जंतू हिच्या शरीरात शिरला असणार आणि इतकी वर्षं निपचित पडून राहिला असणार. शरीर तरणं असतं तोवर पहारा कडक असतो. वय झालं की पहारा ढिला पडतो आणि तो उठतो.

हे सगळं मी तिला मराठीत सांगितलं. न सांगता राहिलो असतो तर बरं झालं असतं. परत येताना गाडीत ती बोटांवर वर्षं मोजत होती. मग म्हणाली, "म्हणजे तुला माझ्यामुळं झालं."

"असं काही नसतं गं आई."

"असं कसं नसतं? मी मास्तरीण आहे राजा. मला बेरीज येते."

मी रेडिओ लावला.

वर मी, खाली ती

सुरुवातीचे काही आठवडे आम्हाला घरातच वेगळं राहायचं होतं. मी वरच्या खोलीत, आई खाली. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला, ईशाला, आणि मृणालला जंतू लागले होते पण आजार नव्हता. त्यांनाही आधीच खबरदारी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. ईशानं शाळेत काय सांगायचं, ह्यावरून घरात भांडण झालं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना आम्ही न्यूमोनिया सांगितला. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं दिवाळी केली त्यांच्याशी असं तोंडावर खोटं बोललो, कारण टीबी म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग चौकशी करतो. मी स्वतः तेच केलं असतं.

सगळा भार मृणालवर पडला. सकाळ-दुपार-संध्याकाळ ताट वर ठेव, ताट खाली ठेव, दारावर टकटक कर, बाजूला हो, शिवाय स्वतःच्या मीटिंग्ज. एक दिवस तिनं माझ्या दाराबाहेर ताट आपटलं. "मी माणूस आहे रे, लिफ्ट नाही!" म्हणाली आणि जिन्यात बसून रडली. मी दाराच्या आत बसून रडलो. दार उघडायची परवानगी नव्हती. आजारपणातल्या भांडणात हीच पंचाईत असते. जवळ घेऊन समजूत काढता येत नाही.

आई मात्र बिनतक्रार होती. तिचं ताट चाटूनपुसून स्वच्छ यायचं. मृणाल मला फोनवर सांगायची, "तुझ्यापेक्षा आई शहाण्या, पानात एक शीत ठेवत नाहीत." मी खालच्या मजल्यावर फोन लावायचो.

"जेवलीस का?"

"जेवले रे बापा. तू जेव."

वेगळं राहणं संपल्यावर आम्ही रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसून गोळ्या घ्यायचो. इथे काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची सरकारी नर्स रोज तुम्हाला गोळ्या गिळताना बघते. आमची नर्स डेनिस ते मोबाइलवर बघायची. मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा करायचो. गोळी जिभेवर, घोट पाणी, मग आ करून दाखवायचं. आई त्याआधी केस विंचरून, टिकली लावून तयार. "सरकारी बाई बघते, असं गबाळं कसं बसायचं?" औषधानं लघवी नारिंगी होते, तेव्हा आई गंभीरपणे म्हणाली, "ह्या देशात सगळंच रंगीत." ईशा टेबलाखाली वाकून हसत होती. ओह माय गॉड, आजी!

तसे हसण्याचे दिवसही होते, तेही सांगायला हवं.

मला भूक लागायला लागली. रात्रीचा घाम थांबला, पँट पुन्हा कमरेला बसायला लागली. आई माझ्याकडे बघून खूश व्हायची. ती स्वतः मात्र वाळत चालली होती. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो की ती सांगायची, मी मघाशीच जेवले, उशिरा जेवलं की पचत नाही. ताट खोलीत घेऊन जायची, रिकामं आणून ठेवायची. म्हातारी माणसं रात्री कमीच खातात. ह्या वयात औषधानं थोडी मळमळ व्हायचीच. ह्या वयात बरं व्हायला वेळ लागतो. आम्ही पुन्हा तेच म्हणत होतो!

दुभाषी बाई

महिन्यातून एकदा डेनिस वजनकाटा घेऊन स्वतः घरी यायची. आईशी बोलायला ती फोनवर दुभाषी लावायची. मराठी दुभाषी बाई, कुठल्या गावात बसून बोलते देव जाणे, पण बोलण्यावरून कोल्हापूरकडची वाटायची. आईला ती फार आवडायची. "तुमचं माहेर कुठलं हो?" आई विचारायची, आणि नियमाप्रमाणे बिचारीला तेही इंग्रजी करून डेनिसला सांगावं लागायचं. मग तिघी हसायच्या.

त्या दिवशी आई काट्यावर उभी राहिली आणि डेनिसचं हसू गेलं. तिनं काटा उचलून दुसरीकडे ठेवला, पुन्हा उभं केलं. मग आईला खुर्चीत बसवून एकेक विचारायला लागली. झोप येते का? येते. मळमळतं का? थोडं. मी पलीकडे चहा गाळत होतो.

"काल रात्री काय जेवलात, असं विचारतायत," फोनमधून आवाज आला.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर बसावं तशी ती ताठ बसली होती. चाळीस वर्षांच्या नोकरीत ती सरकारी माणसाशी कधी खोटं बोलली नव्हती.

"रात्री नाही जेवत मी."

 मग त्या बाईनं, तिचं ते काम नसताना, हळूच विचारलं, "का ओ आजी?"

"मुलाच्या गोळ्या संपेपर्यंत रात्रीचं जेवण सोडलंय. देवाला बोललेय मी. त्याला बरं कर, तोवर रात्री अन्नाला शिवणार नाही."

दुभाषी बाईनं ते डेनिसला इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिचा आवाज नीट नव्हता. डेनिसनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातलं गाळणं चहात पडलं होतं.

दारात उभी राहून ऐकणारी मृणाल आईच्या खोलीत गेली आणि देवघराच्या कपाटातून एक स्टीलचा डबा घेऊन बाहेर आली. रोज रात्रीचं जेवण आई ताटातून त्या डब्यात काढायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळं खायची. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नियम. देवाला दिलेला शब्द राहिला, अन्नही वाया गेलं नाही आणि ताट स्वच्छ. इतका चोख हिशेब माझ्या आईशिवाय कुणाला जमला नसता. त्या दिवशी डब्यात दोन दिवसांचा भात होता. म्हणजे आता सकाळीही जात नव्हतं.

मी ओरडलो. फार ओरडलो. डेनिससमोर, त्या फोनवरच्या बाईसमोर. "तुला कुणी सांगितलं होतं हे? डॉक्टर सांगतात नीट खा, आणि तू? मरायचंय का तुला?"

आई शांतपणे म्हणाली, "पण तू बरा होऊन राहिलास न?"



एकच लिव्हर

त्या संध्याकाळी तिनं माझं ऐकलं. बाळकृष्णापुढे हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि आमच्याबरोबर टेबलावर बसली. मृणालनं मऊ वरणभात केला होता, वर तूप. आईनं दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाला उलटी झाली. ईशा तिचं तोंड पुसायला जवळ गेली आणि म्हणाली, "डॅड, आजीज आइज आर यलो."

दिव्याखाली बघितलं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात हळदीचा रंग. आधीची रक्ततपासणी ठीक आली होती. नंतर लघवी गडद झाली असणार, पण ती नारिंगी होणारच म्हणून सांगितलेलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

डेनिसला फोन केला. तिनं गोळ्या लगेच बंद करून हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. औषधानं लिव्हरला सूज आली होती. डॉक्टरांनी मला कॉरिडॉरमध्ये घेतलं. हे तुम्हाला झालं असतं, ते म्हणाले, तर गोळ्या थांबवल्यावर तुमचं लिव्हर बहुतेक सावरलं असतं आणि आपण एकेक गोळी पुन्हा सुरू केली असती. ह्या वयात ते तसं सावरेलच असं नाही. आणि गोळ्या बंद ठेवल्या की आजार थांबून राहत नाही.

ह्या वयात. ज्या शब्दानं आम्ही तिचा खोकला उडवून लावला, तिची भूक उडवून लावली, तोच शब्द आता खरा होऊन समोर उभा होता.

मी विचारलं, उपासामुळे झालं का हे?  ते म्हणाले, उपास केला नसता तरी झालं असतं का, हे मला सांगता येणार नाही. वजन चांगलं असतं तर शरीराला झुंजायला जास्त मिळालं असतं. पण नीट जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही हे होतं. तुमच्या आईचा दोष नाही, तुमचाही नाही.

चांगला माणूस होता. मी अजून रोज स्वतःला हे वाक्य ऐकवतो. कधी पटतं, कधी नाही.

आ कर

हॉस्पिटलमधली तिची खोली दोन दारांची होती, आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून. येणारा प्रत्येकजण मास्कमध्ये. आईला नुसते डोळे दिसायचे. मी माझ्या गोळ्या रोज तिथेच घेऊन जायचो. तिच्या बंद झाल्या होत्या, माझ्या चालू होत्या. डेनिससाठी फोन उभा करायला गेलो की आई म्हणायची, "तो ठेव बाजूला. मी बघते न."

मग मी मास्क खाली करून तिच्यासमोर गोळ्या गिळायचो. ती म्हणायची, "आ कर." मी आ करायचो. ती अगदी वाकून, जिभेच्या दोन्ही बाजू बघून, मान हलवायची. लहानपणी कडू औषध देऊन ती अस्संच बघायची. डेनिसला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझी आई बघत असेल तर मला बघायची गरज नाही. तरी ती फोन कापायची नाही.

एकेक गोळी पुन्हा सुरू करून बघितली. पहिली सोसली. दुसरीला पुन्हा डोळे पिवळे झाले. मग ती फार झोपायला लागली. जागी असली की सुमनमावशीबद्दल बोलायची. "तिला भाताची पेज आवडायची. शेवटी शेवटी तिला गिळवत नव्हतं, तरी मी भरवतच राहायची. मला काय कळत होतं?"

शेवटच्या सकाळी मी गोळ्या घेतल्या आणि तिच्यासमोर आ केलं. तिनं डोळे उघडले, बघितलं. मान हलवली की नाही, मला नीट सांगता येत नाही. मी हलवली असं धरून चालतो.

दुपारी ती गेली. बाहेर मस्त ऊन होतं, लोक हिरवळीवर कुत्री फिरवत होते. मला त्या सगळ्यांचा राग आला.

आज आजी जेवणार होती

ती गेल्यावर गोळ्या घ्यायची इच्छा उरली नव्हती, हे खरं सांगतो. ज्याच्यासाठी तिनं जेवण सोडलं ते हे शरीर, ह्याला कशाला जगवायचं? मृणाल सकाळी समोर येऊन बसायची, डब्यातून गोळ्या काढून तळहातावर ठेवायची आणि एवढंच म्हणायची, "घे. त्यांचं फुकट घालवू नकोस." डेनिस फोनमध्ये वाट बघत असायची. मी गिळायचो.

पानगळ सुरू झाली तेव्हा माझी शेवटची गोळी आली. मी आ केलं, डेनिस म्हणाली, यू आर डन, आणि रडायला लागली. एक्स-रे स्वच्छ आला. लोकांनी अभिनंदन केलं. मी पूर्ण बरा झालो. देवानं आईचा सौदा अगदी चोख पाळला. मी त्याच्याशी अजून बोलत नाही. दिवा मृणाल लावते.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस खोकतंय, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. ह्या वयात व्हायचंच, असं कुणालाही म्हणू देऊ नका, त्या माणसालाही नाही. तपासून घ्या. आणि गोळ्या सुरू झाल्या की "जेवलीस का?" असं फोनवरून, जिन्यावरून, दुसऱ्या खोलीतून विचारू नका. समोर बसा. घास तोंडात जाताना बघा. नर्स जसं गोळी गिळताना बघते, तसं. डोळ्यांचा रंग दिवसाउजेडी बघा. तरण्या माणसाचं शरीर चुका पोटात घालतं. म्हाताऱ्याचं घालत नाही.

शेवटच्या गोळीच्या दिवशी संध्याकाळी मृणालनं वरणभात केला, तोच मऊ. मी टेबलावर गेलो तर ईशानं चार ताटं मांडली होती.  मी ईशाला म्हटलं, "अगं, चार कशाला?"

"शी वॉज सपोज्ड टू ईट टुनाईट," ती म्हणाली. मग मराठीत, अडखळत, "आज आजी जेवणार होती ना? तुझ्या गोळ्या संपल्या."

मृणालनं चारही ताटं वाढली. लिंबाची फोड, तूप, आईला लागायचं तसं डावीकडे थोडं तिखट लोणचं. आम्ही बसलो. माझं ताट मी संपवलं आणि मग आईचं ताट पुढे ओढलं. पोट भरलं होतं. तरी जेवलो. दोघी बघत होत्या. पानात काही टाकलं नाही.